तिथी ठरलेला अतिथी

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनासाठी एक एकांकिका लिहिली. पावसाळी रात्री एका धर्मशाळेत दोन वाटसरू आसऱ्याला येतात. एक ‘एकच प्याला’तील सिंधू आणि दुसरे ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर. दोघांचेही घर मोडलेले, आणि दोघांनाही आपल्या माणसांविषयी वाईट बोलवत नाही. कल्पना चांगली होती. स्नेहसंमेलनात प्रयोग रंगला आणि मुलांनी तो स्पर्धेला न्यायचे ठरवले. प्रवेशिका भरताना मात्र हक्कांचा प्रश्न पुढे आला. राम गणेश गडकरी १९१९ साली वारले, म्हणून सिंधूला कोणाची परवानगी नको. वि. वा. शिरवाडकर १९९९ साली गेले, त्यामुळे बेलवलकरांना परवानगी हवी. प्रवेशिकेची मुदत दोन दिवसांवर आली होती. रीतसर पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ हाती नव्हता. मुलांनी तोडगा काढला : बेलवलकरांचे नाव गाळून तिथे ‘म्हातारा नट’ असे लिहिले, आणि त्यांची ओळख पटवणारी सारी भाषा काढून टाकली. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत ती भूमिका करणारा मुलगा मध्येच थांबला आणि म्हणाला, “मॅडम, आता हा कोणीच नाही.”

त्या संध्याकाळी हुडकेश्वरला घरी आल्यावर हा प्रसंग मी मुलाला सांगितला. मोबाईलवरून नजर न काढता तो म्हणाला, “आई, तुमच्या बेलवलकरांचं तर क्लाउडसारखं झालं.” हा क्लाउड कोण, हे विचारण्यापासून माझ्या एका नव्या अभ्यासाला आरंभ झाला. व्हिडिओ गेमच्या इतिहासात आमच्या एकांकिकेचाच प्रश्न गेली तीस वर्षे, कोट्यवधींच्या व्यवहारात, पुन्हा पुन्हा सोडवला गेला आहे, हे मला त्यातून कळले. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवू नये असे वाटते, म्हणून हा लेख.

क्लाउड हा ‘फायनल फँटसी सेव्हन’ या १९९७ सालच्या जपानी खेळाचा नायक. निंटेंडो कंपनीच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या खेळात वेगवेगळ्या खेळांतील पात्रे एकत्र येऊन लढतात. तिथे तो डिसेंबर २०१५ मध्ये पाहुणा म्हणून आला. त्याची अवाढव्य तलवार बरोबर होती, त्याचे शहर पार्श्वभूमीला होते. पण ज्या खेळाचे संगीत चाहत्यांना तोंडपाठ आहे, त्यातल्या केवळ दोन धून त्याच्यासोबत आल्या. इतर पाहुण्यांबरोबर त्यांच्या घरचे संगीत भरभरून येत असताना हे डोळ्यांत भरणारे होते. २०१८ सालच्या पुढच्या आवृत्तीतही आरंभी तीच स्थिती राहिली. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्याच कथेतील खलनायक सेफिरॉथ पाहुणा म्हणून आला, तेव्हा उरलेल्यांपैकी काही संगीत दाखल झाले. करारपत्रे आपल्याला वाचायला मिळत नाहीत. पण कराराची छाया पडद्यावर अशी स्पष्ट दिसते. देह आला, शस्त्र आले आणि गाणे उंबऱ्यापाशी थांबले.

या प्रकाराला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. भिन्न कथाविश्वांतील, बहुधा भिन्न मालकांची पात्रे एका रंगमंचावर आणायची. द्वंद्वयुद्धाच्या खेळांना ही कल्पना विशेष मानवली, कारण तिथे कथेची गरज थोडी असते. दोन पात्रे समोरासमोर उभी केली की प्रसंग तयार होतो. आमच्या पिढीला हे जग अगदीच परके आहे असेही नाही. १९९० च्या दशकात नागपुरात, तसेच देशातल्या इतर शहरांत, व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये शाळा बुडवून आलेल्या मुलांची गर्दी असे. त्यांच्या लाडक्या खेळाला ती मुले ‘मुस्तफा’ म्हणत. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली तो काढला होता, आणि मुस्तफा हे त्यातले एक पात्र. फार थोड्यांना ठाऊक असेल की हा खेळ मार्क शुल्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिक्सवर परवाना घेऊन बेतलेला होता. कॅपकॉमने आपले या जातीचे जुने खेळ २०१८ साली एका संचात पुन्हा विक्रीला आणले, तेव्हा ‘मुस्तफा’ त्यात नव्हता. दुसऱ्याच्या पात्रांवर उभ्या असलेल्या घराचे असे होते. बांधणारा आपण असलो तरी जमीन भाड्याची असते.

याच कॅपकॉमने अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या पात्रांचा परवाना घेऊन १९९४ साली ‘एक्स-मेन : चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’ हा द्वंद्वयुद्धाचा खेळ काढला. त्यात त्यांनी आपल्या ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेतील अकुमा हे पात्र गुपचूप लपवून ठेवले होते. हा लपलेला पाहुणा इतका गाजला की १९९६ साली ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ हा उघड सामना झाला. तिथून पुढे सन २००० मधील ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’मध्ये ५६ पात्रांचा मेळा भरला. मग २०१३ च्या अखेरीस, परवान्याची मुदत संपल्याने, हा खेळ आणि त्याचा पुढचा भाग इंटरनेटवरील दुकानांतून उतरवण्यात आले. पुढचा भाग तीन वर्षांनी परतला. २००० सालच्या त्या मेळ्याला जुन्या खेळांच्या संग्रहातून परत यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. ग्रंथालयातून एखादे पुस्तक अकरा वर्षे नाहीसे व्हावे आणि कारण विचारल्यावर ‘भाडेपट्टा संपला होता’ असे उत्तर मिळावे, तसा हा प्रकार.

मधल्या काळात, २०१७ साली, ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम : इन्फिनिट’ आला. ज्या एक्स-मेनपासून ही परंपरा सुरू झाली, ते त्यात एकही नव्हते. त्या वेळी मार्व्हल डिस्नेच्या ताब्यात होती, पण एक्स-मेनच्या चित्रपटांचे हक्क फॉक्सकडे होते. यादी चाळली तरी डिस्नेच्या चालू चित्रपटांचे पारडे जड झालेले दिसत होते. डिस्नेने फॉक्स विकत घेतल्यावर, म्हणजे २०१९ नंतर, ही फाळणी मिटली. पाहुण्यांच्या यादीचा अर्थ कथेत शोधू गेलो असतो तर तो सापडला नसता. तो कंपन्यांच्या खरेदीखतात होता.

परवाना पात्राला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो, एवढ्यावर हे थांबत नाही. पात्र आत आल्यावर काय करू शकेल, हेही तोच ठरवतो. याची तीन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात.

पहिले उदाहरण स्थळाचे. ‘सोल कॅलिबर २’ हा खेळ २००३ साली घरगुती यंत्रांवर आला. निंटेंडोच्या यंत्रावर त्यात निंटेंडोचा लिंक हा पाहुणा होता, सोनीच्या यंत्रावर ‘टेकेन’मधला हेइहाची आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर ‘स्पॉन’ हा कॉमिक्समधला नायक. एकाच संहितेची तीन पाठांतरे झाली, आणि पाठभेद कोणत्या लेखनिकाच्या चुकीने पडला नव्हता, तो यंत्रांच्या मालकीने पडला होता. दहा वर्षांनी, २०१३ साली, सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांसाठी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा हेइहाची आणि स्पॉन दोघेही आले. लिंक आपल्या मालकाच्या घरीच राहिला.

दुसरे उदाहरण मृत्यूचे. ‘मॉर्टल कोम्बॅट’ची ख्यातीच मुळी पराभूताच्या भीषण अंतासाठी आहे. २००८ साली या मालिकेची सुपरमॅन, बॅटमन आदी डीसी कंपनीच्या पात्रांशी गाठ घालण्यात आली, तेव्हा अडचण उभी राहिली : सुपरमॅन जीव कसा घेईल? मग डीसीच्या नायकांसाठी ‘वीरोचित’ शेवट रचले गेले. ते प्रतिस्पर्ध्याला ठेचतात, पण मारत नाहीत. मारण्याची मुभा खलनायकांना राहिली, आणि एकूण हिंसाही एरवीपेक्षा सौम्य झाली. मालकाने जपलेले पात्राचे शील आणि यजमान खेळाची रीत यांच्यातली ही तडजोड होय. पात्राने आपल्या स्वभावाबाहेर जाऊ नये, ही अट आपण वर्गात औचित्यविचार म्हणून शिकवतो. इथे ती कराराच्या वाटेने येते.

तिसरे उदाहरण वाणीचे. ‘मॉर्टल कोम्बॅट ११’मध्ये २०१९ साली टर्मिनेटर पाहुणा झाला. चेहरा अर्नोल्ड श्वार्झनेगरचा होता, आवाज दुसऱ्या नटाचा. देह एकाचा आणि वाचा दुसऱ्याची. त्याआधी बालगंधर्वांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोचल्या होत्या हे आठवले, की देह आणि वाणी यांची फारकत नवी नाही हे कळते. नवे इतकेच की आता ती आधीपासून कलमवार ठरवता येते. ‘स्मॅश ब्रदर्स’चा शेवटचा पाहुणा सोरा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, तेव्हा त्याच्या मूळ कथेत सदैव सोबत असणारे डिस्नेचे डोनाल्ड आणि गूफी त्याच्याबरोबर नव्हते. आमचा ‘म्हातारा नट’ या साऱ्यांच्याच पंक्तीला बसतो. त्याच्याजवळ वय होते, काठी होती, पावसात भिजलेले अंग होते. भाषा तेवढी नव्हती.

हा प्रश्न व्हिडिओ गेमने जन्माला घातला, असे मात्र कोणी समजू नये. १९०६ साली फ्रेंच लेखक मॉरिस लब्लांक यांनी आपल्या आर्सेन ल्युपाँ या सभ्य चोराच्या कथेत थेट शेरलॉक होम्सला पाहुणा आणले. आर्थर कॉनन डॉयल यांच्या बाजूने हरकत आल्यावर पुढे त्याचे नाव ‘हर्लॉक शोम्स’ असे झाले. अक्षरांची अदलाबदल करून माणूस तोच ठेवायचा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. नाव बदलल्यावर शोम्स अधिकाधिक विनोदी होत गेला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खऱ्या नावासोबत त्याची प्रतिष्ठा राखण्याचे बंधनही गेले होते.

आपल्याकडे याचा सर्वांत जवळचा अनुभव ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. मराठीसह अनेक भाषांत ती १९९० पर्यंत चालली, आणि तिचे ८०० हून अधिक अंक निघाले. तिचे बहुतेक नायक अमेरिकेतील किंग फीचर्स या संस्थेचे होते. ली फॉक यांचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. मूळ कथेतले बेंगाली हे त्याचे राज्य भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून ‘डेंकाली’ झाले, आणि चाच्यांच्या टोळीच्या नावातले ‘सिंग’ बदलून ‘सिंगा’ झाले. पुढे डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा देशी नायक त्याच मालिकेत आला. १९७७ साली ली फॉक यांनी वेताळाचे लग्न लावले, तेव्हा मँड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून हजर होते. निर्माता एक, संस्थाही एक, त्यामुळे अक्षतांना अडचण नव्हती. शेजारच्या अंकात नांदणाऱ्या बहादूरला त्या लग्नाचे आमंत्रण असण्याचे कारणच नव्हते. आम्ही मुलांनी मात्र वहीच्या शेवटच्या पानांवर त्याला कितीदा तरी डेंकालीच्या जंगलात नेले होते. वहीच्या पानांना परवाना लागत नसे.

याच्याही मागे गेलो तर दुसरेच जग लागते. महाभारताच्या वनपर्वात भीमाच्या वाटेत एक म्हातारा वानर शेपूट पसरून पडलेला असतो. तो हनुमान, म्हणजे अगोदरच्या महाकाव्यातून आलेला पाहुणा. तो भीमाला वचन देतो की अर्जुनाच्या ध्वजावर बसून आपण गर्जना करू आणि भीमाच्या सिंहनादाला बळ देऊ. युद्ध मात्र ज्याचे त्यालाच लढायचे असते. हीसुद्धा पाहुण्यावरची मर्यादाच आहे. तिचे कारण मात्र कथेतच आहे : हनुमान स्वतः लढला असता तर ते भारतयुद्ध राहिलेच नसते. परशुराम रामापुढे धनुष्य ठेवतो, आणि पुढे भीष्माचा व कर्णाचा गुरू होतो. तमाशाच्या गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी प्रत्येक फडाची वेगळी असतात, आणि कोणताही फड दुसऱ्याकडे परवानगी मागत नाही. तिथे पात्र सामायिक असते, आणि ते खुलवण्याचे कसब ज्याचे त्याचे.

या जुन्या जगाचे नुसते गोडवे गाणे मात्र सोपे आहे, आणि ते मला नको वाटते. सामायिक पात्रांच्या जगात कलावंताला काय मिळत होते, हे तमाशातल्या शाहिरांच्या उतारवयाकडे पाहिले की कळते. हक्क ही केवळ धनवानांची भिंत नव्हे. केरळात ‘बोबन आणि मोळी’ या चित्रमालिकेचे निर्माते टॉम्स यांनी मलयाळ मनोरमाची नोकरी सोडली, तेव्हा ती मुले कोणाची, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ साली निकाल टॉम्स यांच्या बाजूने लागला आणि चित्रकाराला आपली मुले रेखाटत राहता आली. पुढे १९९० च्या दशकात ‘नागराज’सारखा दिसणारा ‘नागेश’ काढणाऱ्या प्रकाशकाला दिल्ली उच्च न्यायालयाने रोखले. आपल्या कायद्यातली लेखकाच्या मृत्यूनंतरची ५० वर्षांची मुदत १९९२ साली ६० झाली, तीही रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपत आले होते म्हणून. हक्क नसता तर अनेक लेखकांच्या घरी त्यांच्या माघारी चूलही पेटली नसती. तेव्हा परवाना असावा की नसावा, हा माझा प्रश्न नाही. परवाना आकार देतो, तो आकार आपण वाचतो का, हा आहे.

कारण परवान्याच्या मर्यादेतूनही चांगली कथा घडते. ‘टेकेन ७’मध्ये कॅपकॉमचा तोच अकुमा पाहुणा होऊन आला. या वेळी त्याला नुसते रिंगणात उभे न करता यजमान घराण्याच्या वैरात गुंफले गेले. काझुमी या स्त्रीच्या उपकाराचे ऋण फेडण्यासाठी तो तिच्या नवऱ्याला आणि मुलाला मारायला निघतो. परवानगी मोठ्या मनाने दिली-घेतली गेली की पाहुणा घरचा होतो, हे इथे दिसते. आपल्याकडे २०१७ सालच्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटात अमेय वाघ यांचा मोठा झालेला बनेश फेणे ज्या वृद्ध गृहस्थांच्या संगतीत वावरतो, ते स्वतः भा. रा. भागवत आहेत, आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे. लेखकच आपल्या पात्राच्या कथेत पाहुणा झाला. हक्क रीतसर घेतलेले असले की अशी जवळीक साधता येते.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने दिलेली फोड सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आजच्या पाहुण्या पात्राची येण्याची तिथी ठरलेली असते, जाण्याचीही ठरलेली असते. काय घालावे, काय बोलावे, कोणाला मारावे आणि कोणाला मारू नये, हेही ठरलेले असते. पात्रचित्रण शिकवताना आपण लेखकाचा हेतू पाहतो, समाज पाहतो, रंगभूमीची साधने पाहतो. किर्लोस्करांच्या काळी पदांची संख्या का वाढली, हे आपण प्रेक्षकांच्या अभिरुचीतून समजावून सांगतो. क्लाउडच्या दोन धून, सुपरमॅनचा न मारणारा ठोसा आणि डेंकालीचे नाव यांचे स्पष्टीकरण करताना करार हाही एक सहलेखक मानावा लागेल. त्याचे नाव मुखपृष्ठावर नसते, एवढेच. तो न वाचता अशा पात्राविषयी ‘लेखकाने याला मुके का ठेवले?’ असा प्रश्न आपण विचारू आणि उत्तर भलत्याच ठिकाणी शोधत बसू.

आमची एकांकिका त्या वर्षी ‘म्हाताऱ्या नटा’सह झाली आणि तिला काही मिळाले नाही. त्याची फारशी खंत नाही. त्यानंतर आमच्या नाट्यमंडळात एक रीत पडली आहे. जुन्या पात्रांना बोलवायचे असले की वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखायचा : पात्र, निर्माता, त्याच्या मृत्यूचे वर्ष, आणि पात्र मोकळे होण्याचे वर्ष. सिंधू मोकळी आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’मधला श्याम २०११ पासून मोकळा आहे. भा. रा. भागवत २००१ साली गेले, तेव्हा फेणेला २०६२ पर्यंत थांबायचे आहे. बेलवलकरांना २०६० पर्यंत. जे मोकळे नाहीत त्यांच्यासाठी पत्र आता आधी जाते, संहिता मागून होते.

गेल्या खेपेला हा तक्ता फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “मॅडम, २०६० मध्ये आम्ही केवढे असू?” मी हिशेब करून सांगितले, पंचावन्नच्या आसपास. तो म्हणाला, “मग तेव्हा बेलवलकर मीच करतो. वयही शोभेल.”